कॅसलरॉकपासून सर्व्हर किती दूर? : आशय-वितरण जाळ्यांची कार्यपद्धती, बाजारपेठ आणि महाविद्यालयाचा संगणक कक्ष

प्रस्तावना

उत्तर कन्नड जिल्ह्याच्या जोयडा तालुक्यात, गोव्याच्या सीमेला लागून कॅसलरॉक हे छोटे गाव आहे. त्याची ओळख मुख्यतः रेल्वे स्थानकामुळे आहे. २६ डिसेंबर १८७८ रोजी ब्रिटन व पोर्तुगाल यांच्यात झालेल्या करारातून मुरगाव बंदर ते ब्रिटिश हद्द असा लोहमार्ग टाकण्याचे ठरले आणि १८८८ मध्ये हा मार्ग घाट चढून कॅसलरॉक येथे सदर्न मराठा रेल्वेला मिळाला. पुढे सीमेच्या अलीकडे कॅसलरॉकला आणि पलीकडे कुळे येथे प्रवाशांच्या सामानाची तपासणी होत असे. १९५५ मध्ये ही वाहतूकच बंद पडली. ती गोवा मुक्त झाल्यानंतर पूर्ववत झाली. कुळे ते कॅसलरॉक या घाटात दर ३७ मीटरला १ मीटर अशी चढण असल्याने तेथे आजही गाड्यांना जादा इंजिने जोडावी लागतात. नकाशावर बोटभर दिसणारे अंतर प्रत्यक्षात किती महाग पडते, हे या गावाने सव्वाशेहून अधिक वर्षे पाहिले आहे.

इंटरनेटमुळे अंतर नाहीसे झाले, असे विधान माहिती तंत्रज्ञानावरील व्याख्यानांतून वारंवार ऐकू येते. ते अर्धेच खरे आहे. अंतर नाहीसे झालेले नसून ते लपवण्याची एक मोठी यंत्रणा जगभर उभी राहिली आहे आणि ती चालवणे हा एक स्वतंत्र व्यवसाय झाला आहे. या यंत्रणेला आशय-वितरण जाळे किंवा कंटेंट डिलिव्हरी नेटवर्क, संक्षेपाने सीडीएन, असे म्हणतात. ती कशी चालते, तिचा खर्च कोण करतो आणि विरळ वस्तीच्या भागातील महाविद्यालयाला तिचा लाभ कितपत होतो, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

अंतराचा हिशेब

ऑप्टिकल फायबरमधून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर वेगाने जातो. हा वेग निसर्गाने ठरवून दिलेला आहे. कितीही पैसे मोजले तरी तो वाढत नाही. मुंबईहून अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील व्हर्जिनिया राज्य, जेथे अनेक मोठी डेटा सेंटर आहेत, हवाई अंतराने सुमारे १२,८०० किलोमीटर दूर आहे. संदेश जाऊन उत्तर परत येण्यास सरळ रेषेतही १२८ मिलिसेकंद लागतील. प्रत्यक्षात केबल समुद्रतळावरून वळसे घेत जाते व वाटेत अनेक राउटर लागतात, त्यामुळे हा काळ २०० मिलिसेकंदांच्या पुढे जातो.

एक पंचमांश सेकंद ऐकायला क्षुल्लक वाटतो. परंतु एक पान उघडण्यास एकच फेरी पुरत नाही. आधी संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा आकडी पत्ता शोधावा लागतो, मग सर्व्हरशी जोडणी, मग सांकेतिक सुरक्षेची देवाणघेवाण आणि त्यानंतर प्रत्यक्ष मागणी. अशा चार फेऱ्या धरल्या तर पहिले अक्षर दिसण्यापूर्वीच पाऊण-एक सेकंद गेलेला असतो. पानावरील चित्रे, लिपीचे फाँट आणि आज्ञावली यांच्या मागण्या त्यानंतर सुरू होतात. वर्गात फळ्याशेजारी प्रोजेक्टर लावून उभ्या असलेल्या शिक्षकाला हा विलंब फार जाणवतो. विद्यार्थ्यांचे लक्ष तेवढ्यात खिडकीबाहेर गेलेले असते.

हेच पान मुंबईत असेल तर? कॅसलरॉक ते मुंबई हवाई अंतर सुमारे ४४० किलोमीटर भरते. प्रकाशाची एक फेरी साडेचार मिलिसेकंदांत होते. प्रत्यक्षात यंत्रणेतील विलंब धरून हा आकडा कितीही वाढला, तरी अमेरिकेच्या फेरीशी त्याची तुलना होत नाही.

प्रत जवळ ठेवण्याची युक्ती

गावातील किराणा दुकानदार बिस्किटाच्या प्रत्येक पुड्यासाठी कारखान्यात जात नाही. लोंढ्याच्या बाजारातून तो एकदा पेटी आणतो आणि गिऱ्हाइकांना त्यातून देतो. सीडीएन नेमके हेच करते. मूळ संकेतस्थळाच्या सर्व्हरला उगम-सर्व्हर म्हणतात. त्यावरील चित्रे, चित्रफिती व पाने यांच्या प्रती जगभरातील शेकडो शहरांत ठेवलेल्या सर्व्हरांवर साठवल्या जातात. पहिल्या वाचकाने मागणी केली की जवळचा सर्व्हर ती वस्तू उगमाकडून आणतो, वाचकाला देतो व एक प्रत स्वतःकडे ठेवतो. दुसऱ्या वाचकाला ती तेथूनच मिळते. प्रत किती वेळ ताजी मानायची हे संकेतस्थळाचा मालक ठरवतो: वृत्तपत्राच्या मुख्य पानासाठी मिनिटभर, बोधचिन्हासाठी वर्षभर.

वाचकाला जवळच्या सर्व्हरकडे कसे वळवायचे, हा पुढचा प्रश्न. याच्या दोन पद्धती रूढ आहेत. पहिलीत नावावरून पत्ता सांगणारी यंत्रणाच, म्हणजे डीएनएस, विचारणारा कोठून विचारतो आहे हे पाहून वेगवेगळे पत्ते देते. एकच नाव विचारले तरी मुंबईकराला मुंबईचा आणि लंडनकराला लंडनचा पत्ता मिळतो. दुसऱ्या पद्धतीला एनिकास्ट म्हणतात. तीत अनेक शहरांतील सर्व्हर एकच आकडी पत्ता जाहीर करतात आणि वाटेतील राउटर आपल्या दृष्टीने सोयीच्या मार्गाने संदेश पुढे पाठवतात.

‘जवळ’ हा शब्द येथे जपून वापरावा लागतो. कॅसलरॉकहून बंगळूरुचे हवाई अंतरही सुमारे ४४० किलोमीटरच आहे, म्हणजे गाव दोन्ही महानगरांपासून जवळजवळ सारख्याच अंतरावर आहे. मग उत्तर कोठून येणार? ते भूगोलापेक्षा दूरसंचार कंपनीच्या जाळ्याच्या रचनेवर ठरते. कर्नाटक हे स्वतंत्र दूरसंचार परिमंडळ आहे, तर गोवा महाराष्ट्राच्या परिमंडळात मोडतो. त्यामुळे घाटाच्या वर राहणाऱ्याची मागणी बंगळूरुकडे आणि घाटाखाली कुळ्यात राहणाऱ्याची मुंबई-पुण्याकडे जाणे अगदी शक्य आहे. जकातीची चौकी केव्हाच उठली, पण माहितीच्या वाटा अजूनही त्याच डोंगरावर फुटू शकतात.

भारतात हा वळसा एके काळी याहून विचित्र होता. एकाच शहरातील दोन ग्राहक दोन वेगळ्या कंपन्यांचे असतील, तर त्यांच्यातील देवाणघेवाण अनेकदा परदेशातून फिरून येत असे, कारण कंपन्या देशात एकमेकींशी जोडलेल्या नव्हत्या. हा प्रकार थांबवण्यासाठी २००३ मध्ये नॅशनल इंटरनेट एक्स्चेंज ऑफ इंडिया, म्हणजे निक्सी, ही संस्था स्थापन झाली. परदेशी केबलवर विसंबण्याचा धोका ३० जानेवारी २००८ रोजी ठळकपणे दिसला. इजिप्तमधील अलेक्झांड्रियाजवळ समुद्रतळावरील केबल तुटल्या आणि भारतातील इंटरनेट कित्येक दिवस रखडले. देशात ठेवलेली प्रत अशा वेळी तरी उपलब्ध राहते.

गणितातून उभा राहिलेला व्यवसाय

ही कल्पना व्यवहारात आणण्यातील मोठी अडचण गणिती होती. समजा, दहा सर्व्हर आहेत आणि लाखो वस्तू त्यांवर वाटायच्या आहेत. कोणती वस्तू कोठे आहे याची यादी ठेवण्याऐवजी प्रत्येक वस्तूच्या नावाचा एक आकडा काढावा, त्याला दहाने भागावे आणि उरलेल्या बाकीच्या क्रमांकाच्या सर्व्हरवर ती ठेवावी, ही साधी रीत आहे. पण एक सर्व्हर बंद पडला की भाजक नऊ होतो आणि बहुतेक सर्व वस्तूंचे स्थान बदलते. सगळ्या प्रती पुन्हा उगमाकडून आणाव्या लागतात, तेही नेमक्या गर्दीच्या वेळी.

मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी, अर्थात एमआयटी, येथील संशोधकांनी १९९७ मध्ये यावर कन्सिस्टंट हॅशिंग ही पद्धत मांडली. तिची कल्पना घड्याळाच्या तबकडीवरून वर्गात सहज समजावता येते. सर्व्हर आणि वस्तू या दोहोंना तबकडीच्या कडेवर जागा द्यायची. प्रत्येक वस्तू काट्याच्या दिशेने पुढे जाताना जो पहिला सर्व्हर भेटेल त्याच्याकडे ठेवायची. आता एक सर्व्हर गेला तर फक्त त्याच्याकडच्या वस्तू पुढच्याकडे सरकतात, बाकीच्या हलत नाहीत. शोधनिबंधाच्या लेखकांत टॉम लेटन हे प्राध्यापक आणि डॅनियल लेविन हा त्यांचा विद्यार्थी होता. या दोघांच्या पुढाकाराने १९९८ मध्ये अकामाई ही कंपनी निघाली. ११ सप्टेंबर २००१ रोजी न्यूयॉर्कच्या जागतिक व्यापार केंद्रावर आदळवलेल्या पहिल्या विमानात लेविन प्रवासी होता. त्या दिवशी बातम्यांसाठी जगभरचे लोक वृत्तसंस्थांच्या संकेतस्थळांवर तुटून पडले आणि त्यांतील कित्येक संकेतस्थळे तग धरू शकली ती त्याने उभारलेल्या जाळ्यामुळे.

पैसा कोण देतो?

वाचक सीडीएनला काहीही देत नाही. संकेतस्थळाचा मालक देतो. किती गिगाबाइट वाहून नेले किंवा गर्दीच्या वेळी वेग कितीवर पोहोचला, या हिशेबाने. हा दर वर्षानुवर्षे घसरत आला आहे, कारण एका कंपनीने नेलेला बाइट आणि दुसरीने नेलेला बाइट यांत ग्राहकाला फरक दिसत नाही. अ‍ॅमेझॉनने २००८ मध्ये क्लाउडफ्रंट ही सेवा सुरू केली आणि लहान ग्राहकालाही वापराल तेवढेच पैसे भरण्याची सोय झाली. क्लाउडफ्लेअरने २०१० पासून लहान संकेतस्थळांना मूलभूत सेवा विनामूल्य दिली व मोठ्या ग्राहकांकडून सुरक्षेसाठी पैसे घेतले. सर्वांत मोठ्या ग्राहकांनी तर स्वतःचीच जाळी उभारली. नेटफ्लिक्सने २०१२ मध्ये ओपन कनेक्ट जाहीर केले. पुरेशी मागणी असलेल्या इंटरनेट कंपन्यांना ती चित्रपटांनी भरलेली यंत्रे फुकट देते. गूगलही असेच करते.

परिणामी केवळ वाहतुकीवर जगणाऱ्या कंपन्या अडचणीत आल्या. २००१ मध्ये स्थापन झालेली लाइमलाइट ही एके काळी अकामाईची प्रमुख प्रतिस्पर्धी होती. २०२२ मध्ये तिने एजिओ हे नाव घेतले आणि सप्टेंबर २०२४ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला. तिचे ग्राहक-करार अकामाईने घेतले. खुद्द अकामाईच्या २०२४ मधील सुमारे ३९९ कोटी डॉलर उत्पन्नापैकी निम्म्याहून थोडा अधिक भाग सुरक्षा सेवांचा होता. ज्या वितरणावर कंपनी उभी राहिली त्याचा वाटा एक तृतीयांशावर आला होता.

बाजार थोड्या हातांत एकवटल्याचा धोकाही स्पष्ट आहे. ८ जून २०२१ रोजी फास्टली या कंपनीच्या एका ग्राहकाने आपल्या मांडणीत एक वैध बदल केला. त्यामुळे आज्ञावलीतील दडलेला दोष जागा झाला आणि कंपनीच्या जाळ्याचा ८५ टक्के भाग चुकीची उत्तरे देऊ लागला. ब्रिटिश सरकारच्या संकेतस्थळासह अनेक मोठी वृत्तपत्रे तासाभरासाठी दिसेनाशी झाली. १८ नोव्हेंबर २०२५ रोजी क्लाउडफ्लेअरच्या अंतर्गत बिघाडाने असाच अनुभव पुन्हा दिला.

भारतात या यंत्रणेची खरी परीक्षा क्रिकेटने घेतली. जुलै २०१९ मधील भारत-न्यूझीलंड विश्वचषक उपांत्य सामना हॉटस्टारवर एका क्षणी २ कोटी ५३ लाख लोक पाहत होते. १९ नोव्हेंबर २०२३ च्या अंतिम सामन्यात हा आकडा ५ कोटी ९० लाखांवर गेला. प्रत्येकाला सेकंदाला केवळ १ मेगाबिट धरला तरी ५९ टेराबिट होतात. एका ठिकाणाहून एवढा प्रवाह सोडणे अशक्य आहे. दूरदर्शनच्या मनोऱ्याला मात्र एक प्रेक्षक काय आणि एक कोटी काय, खर्च सारखाच येतो. इंटरनेटवर प्रत्येक प्रेक्षकाला स्वतंत्र प्रवाह लागतो आणि नेमक्या या उणिवेतून सीडीएनचा धंदा निर्माण झाला. शिक्षणक्षेत्रातील स्वयंप्रभा हा उपक्रम, जो जुलै २०१७ मध्ये ३२ उपग्रह वाहिन्यांनी सुरू झाला, या अर्थाने मागासलेला म्हणता येणार नाही. जंगलातील एकाकी घरावरील छत्रीलाही तो महानगराइतकाच स्वच्छ दिसतो. अर्थात त्यात पाठ थांबवून पुन्हा ऐकण्याची सोय नाही, ही मर्यादा आहेच.

प्रत गर्दीकडेच का जाते?

सर्व्हर बसवण्याचा खर्च भरून निघण्यासाठी त्यावरील प्रत वारंवार मागितली गेली पाहिजे. लाखो लोकांच्या शहरात एकाने पाहिलेली चित्रफीत तासाभरात दुसरा कोणीतरी मागतोच. काही शे वस्तीच्या ठिकाणी प्रत्येकजण वेगळे काही पाहतो, प्रत पडून राहते, शिळी होते आणि पुसली जाते. म्हणजे तेथे सर्व्हर ठेवूनही बहुतेक मागण्या शहराकडेच जाणार. काळी व्याघ्र प्रकल्पाच्या जंगलाने वेढलेल्या जोयडा तालुक्यात व्यापारी सर्व्हर येण्याची अपेक्षा त्यामुळे फोल आहे. यात कोणाचा दुष्टावा नाही. हिशेबच तसा आहे. भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२२ मध्ये सीडीएन कंपन्यांच्या साध्या नोंदणीची शिफारस केली, पण नोंदणी झाली म्हणून सर्व्हर दुर्गम भागात जातील असे नाही. शिवाय अशा भागात मुख्य अडचण असते ती शेवटच्या टप्प्याची. प्रत बंगळूरुला असो वा मुंबईला, तेथून गावापर्यंतची वाट अरुंद असेल तर सीडीएन काहीही करू शकत नाही.

तथापि या हिशेबाला एक अपवाद आहे, आणि तो म्हणजे वर्ग. चाळीस विद्यार्थ्यांना एकाच तासाला एकच पाठ हवा असतो. पुनरावृत्ती पूर्ण आहे, शिवाय ती वेळापत्रकामुळे आधीच ठाऊक आहे. समजा, पाठाची चित्रफीत २०० मेगाबाइटची आणि महाविद्यालयाची जोडणी सेकंदाला १० मेगाबिटची आहे. चाळीस जणांनी ती वेगवेगळी उतरवली तर ८,००० मेगाबाइट होतात व सुमारे पावणेदोन तास लागतात. तास संपून पुढच्या तासाची घंटाही झालेली असेल. एकदाच उतरवून कक्षातील यंत्रावर ठेवली तर तीन मिनिटेही लागत नाहीत. पुढचे वाटप अंतर्गत जाळ्यावर होते.

१९९० च्या दशकाअखेर व पुढील दशकात अनेक महाविद्यालयांत हे काम आपोआप होत असे. १९९६ पासून उपलब्ध असलेली स्क्विड ही मुक्त आज्ञावली बाहेरच्या वाटेवर बसवलेली असे. एका विद्यार्थ्याने उघडलेले पान ती साठवून दुसऱ्याला देई. २०१० च्या दशकात जवळजवळ सर्व संकेतस्थळे सांकेतिक जोडणीवर, म्हणजे एचटीटीपीएसवर गेली. वाटेतील कोणालाही मजकूर वाचता येऊ नये हा त्यामागील हेतू रास्त होता. बँकेचा व्यवहार किंवा खासगी पत्र कोणी वाचू नये हे कोणीही मान्य करील. पण जे वाचता येत नाही ते ओळखून साठवताही येत नाही. महाविद्यालयाचे यंत्र आंधळे झाले. सीडीएन कंपनीला मात्र संकेतस्थळाच्या मालकानेच किल्ली दिलेली असल्याने ती मजकूर पाहू व साठवू शकते. प्रत ठेवण्याची क्षमता अशा रीतीने संस्थेच्या आवारातून काही मोजक्या कंपन्यांकडे गेली. या बदलाची चर्चा शिक्षणक्षेत्रात व्हायला हवी तेवढी झाली नाही.

महाविद्यालय काय करू शकते?

आपोआप होणारे काम आता ठरवून करावे लागते. किविक्स या मुक्त आज्ञावलीने विकिपीडियाची संपूर्ण प्रत, मराठी व कन्नड आवृत्त्यांसह, एका संगणकावर इंटरनेटशिवाय वाचता येते. कोलिब्री ही आज्ञावली गणित-विज्ञानाचे पाठ, चित्रफिती व सराव प्रश्न स्थानिक सर्व्हरवर ठेवते. दोन्हींना जुना संगणक किंवा तळहाताएवढे रास्पबेरी पाय हे यंत्र आणि एक वायफाय राउटर पुरतो. रात्री जाळे मोकळे असताना साहित्य उतरवावे व सकाळी वर्गात वापरावे. मात्र परवाना पाहणे आवश्यक आहे. विकिपीडियाचा मजकूर नामोल्लेख करून वाटण्यास मुभा आहे. प्रत्येक चित्रफितीला ती असतेच असे नाही, आणि पाहता येते म्हणजे उतरवून ठेवता येते असा अर्थ होत नाही.

दुसरी बाब ताजेपणाची. व्यापारी सीडीएनमध्ये मुदत संपली की प्रत आपोआप तपासली जाते, आणि चुकीची वस्तू मालकाच्या एका आज्ञेसरशी जगभरातून पुसता येते. कक्षातील यंत्राला असा मालक नसतो. अभ्यासक्रम बदलला, पाठात दुरुस्ती झाली, तरी कपाटातील यंत्र जुनेच दाखवत राहते. प्रत्येक सत्राच्या आरंभी कोणते साहित्य काढायचे, कोणते नवे आणायचे आणि ते कोणी करायचे, हे विभागाच्या बैठकीत नावानिशी ठरले नाही, तर वर्षभरात विद्यार्थी पुन्हा आपापल्या मोबाइलकडे वळतात आणि चाळीस मागण्या पुन्हा त्याच अरुंद वाटेने बंगळूरुकडे निघतात.